दाराआडचं नाव

“भंतेजी, चाकू मीही उचलू शकलो असतो. उचलला का?”

फौजदार संजीवन वासनिकचा आवाज चढला होता. हात कमरेच्या पिस्तुलावर.

विहारामागच्या सतरंज्यांच्या खोलीला आतून कडी होती. आत एक पोरगा होता. सकाळी चौकात त्याने दुसऱ्या पोराच्या पोटात चाकू खुपसला आणि पळत येऊन इथे शिरला. ते दुसरं पोर दवाखान्यात, अजून शुद्धीवर नव्हतं. चाकू मात्र ह्याच्याजवळच होता.

दाराला पाठ लावून म्हातारे भंते शीलरत्न बसले होते. ते उठत नव्हते, म्हणून शिपायांना दार तोडता येत नव्हतं.

“याच वस्तीत वाढलो मी,” संजीवन म्हणाला. “माझाही बाप प्यायचा. एका खोलीत आम्ही आठ जण. तरी ही वर्दी मिळवली. या पोरांना झालंय काय?”

“लहानपणी तू वंदनेला आला नाहीस तर काय व्हायचं?” भंतेंनी विचारलं.

“तुम्ही घरी यायचे. गल्लीभर ऐकू जाईल अशी नावाने हाक मारायचे.”

“तेव्हा गल्ल्याच चार होत्या.”

भंतेंनी कुंपणाकडे हात केला.

भिंतीवर, गच्च्यांवर, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर पोरंच पोरं. शाळेतून गळालेली, कंपनीच्या फाटकावरून माघारी आलेली. सगळी दाराकडे टक लावून.

“यातल्या कुणाला ओळखतोस?”

संजीवनने नजर फिरवली. “तो टाकीवरचा मोंटी. लाल शर्टातला बाबल्या.”

“आणखी?”

संजीवनची नजर गच्च्यांवरून फिरून परत टाकीवर आली.

“हे दोघं कसे माहीत?”

“केसेस आहेत त्यांच्यावर.”

तो बोलून गेला.

आत काहीतरी धाडकन आपटलं.

“अंदर आले त भोसकीन! मंग सोताले बी!” आवाज फाटला होता.

शिपायाने पहार उचलली.

“ब्लेड! बाहेर ये!” संजीवन ओरडला.

“हे नाव त्याच्या आईने ठेवलं?” भंतेंनी विचारलं.

“सगळे ब्लेडच म्हणतात त्याला.”

भंते वळले. कपाळ दाराला टेकवून हळूच म्हणाले,

“बाळा, तुझं नाव काय?”

भिंतीवरची पोरं पुढे वाकली. पहार तशीच हवेत...

“सुमेध.”

मग आतून एक हुंदका. “सुमेध गणवीर.”

“सुमेध, कडी काढ. ठाण्यात मी येतो तुझ्यासंगं.”

चाकू फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

दारात उभा होता तो जेमतेम सोळाचा. बाही रक्ताने कडक झालेली. संजीवन पुढे झाला. धरायला उचललेला त्याचा हात पोराच्या खांद्यावर जाऊन थांबला.

पोराला जीपमध्ये बसवलं. भंते चढू लागले, तेव्हा संजीवनने त्यांना दाराशी अडवलं. आवाज खाली आणून विचारलं,

“हा विहारात यायचा?”

“दोन वर्षं. मागच्या रांगेत बसायचा.”

“मग नाव तेव्हाच का नाही विचारलं, भंतेजी?”

भंतेंनी एकवार भिंतीवरच्या पोरांकडे पाहिलं...

“तेव्हा त्याच्या हातात चाकू नव्हता.”