कणकेचा गोळा

“काळजातली गाठ कुठल्या तेलानं चोळतात, बाबा?”

मनीषानं विचारलं आणि दवाखान्याचे कागद हरबाजीबाबांच्या पुढ्यात ठेवले. तिच्या मांडीवर नऊ वर्षांची ईश्वरी धापा टाकत होती.

हरबाजीबाबा मठात बसून लोकांची मोडलेली हाडं बसवायचे. हात थरथरायला लागले तसं त्यांनी ते काम चेल्याच्या, रामेश्वरच्या हाती दिलं. त्यानंच तीन महिने पोरीची मांडी चोळली होती. लचक भरलीय म्हणाला होता. गाठ वाढली तसा त्याचा जोरही वाढला.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मांसातला कॅन्सर आहे. मांडीतून हृदयात गेलाय. आधी सलाईनमधून औषध देणार, मग काढता येतो का बघणार.” मनीषानं वरचा कागद उलटला. “बरी होईल असं कुणी बोललं नाही. लई उशीर केलात म्हणाले.”

रामेश्वर हसला. “त्यांना चिरफाडीशिवाय येतं काय, वहिनी? एकवीस दिवस द्या मला. या हाताखालून आजवर कुणी लंगडत गेलं नाही.”

मनीषाला त्या हातांकडे बघवेना. पण सासऱ्यांनी बजावून पाठवलं होतं, बाबा म्हणतील तसंच करायचं. आणि शहराकडची एसटी दोन वाजता होती.

बाबांनी ईश्वरीच्या मांडीवरची गाठ बोटांनी चाचपली.

मग म्हणाले, “रामेश्वर, पोतं आण.”

रामेश्वरची छाती फुगली. मठात चेल्याची परीक्षा त्याच पोत्यात व्हायची. आत मडकं घालून फोडायचं आणि न बघता, वरून चाचपून, खापऱ्या पुन्हा जागच्या जागी लावायच्या. सात वर्षांपूर्वी त्यानं बघता बघता मडकं उभं केलं होतं. अजून सांगायचा.

बाबा चुलीपाशी गेले. पोत्यात काहीतरी टाकून आले.

“जोड.”

रामेश्वरनं चाचपलं. थांबला. पुन्हा चाचपलं.

“बाबा, ही तर कणीक आहे.”

“जोड की.”

“काय जोडू? मोडलंय कुठं?”

“मग तीन महिने काय जोडत होतास?”

रामेश्वरनं पोतं खाली ठेवलं. खाली बघतच बोलला, “तुम्ही मला मडकंच दिलं होतं, बाबा. कणीक कधी दिली नाही.”

“नाही दिली.”

मनीषाला वाटलं, ते पोतं दोघांच्या तोंडावर फेकावं. यांची शिकवणी आत्ता चाललीय, आणि इथं पोरीचे ओठ काळेनिळे पडलेत.

“मला एवढंच सांगा,” ती म्हणाली, “जगेल का माझी लेक?”

“पहिल्या दिवशी मी ‘होईल बरी’ म्हणालो होतो, बाई. आता मला विचारू नकोस. दवाखान्यात ने. सासऱ्याला सांग, बाबानं धाडलं.”

ती उठली. तिनं लेकीला उचललं. स्टँड चांगलं मैलभर लांब.

रामेश्वर तेलाची वाटी धरून तसाच उभा होता. बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि मातीत उपडी केली.

“पोरीला पाठीवर घे. वाटेत तिचं काळीज तुझ्या पाठीवर ठोके देईल... ऐकत जा.”