न फुटणाऱ्या बांगड्या

फार लांब, जिकडं वाळूशिवाय काही दिसत नाही, तिकडं काणोली नावाचं गाव होतं. तिथल्या वाळवंटात चांदीची एक हरवलेली खाण आहे, असं जुनी माणसं सांगायची. ते राजाच्या कानावर गेलं आणि त्याला खाणीचं वेडच लागलं. दरवर्षी तो गावातले पुरुष खाण शोधायला धाडायचा. परत कुणीच येत नव्हतं, बरं का.

धापूचा नवरा असाच गेला, थोरला मुलगाही गेला. आता शिपायांनी धाकट्या खेताला उंटावर बसवलं, तेव्हा माणसं न्यायला स्वतः आलेल्या राजाला ती आडवी आली.

"महाराज, एवढा एक तरी राहू द्या. तिकडं माणसं मरतात."

राजा म्हणाला, "मरतात? अगं म्हातारे, या गावात मला एकही विधवा दिसत नाही. सगळ्याजणींच्या हातात बांगड्या आहेत. तुझ्याही आहेत की!"

बरोबरचे सरदार खो खो हसले.

धापू हळूच म्हणाली, "आमच्यात प्रेत बघितल्याशिवाय बांगड्या फोडत नाहीत, महाराज. आणि वाळू काही प्रेत परत देत नाही. या खेपेला तुम्हीच पुढं चला. मग राणीसाहेबांच्या बांगड्याही जन्मभर फुटायच्या नाहीत."

हसणं जागच्या जागी थांबलं. राजानं एकदा वाळूकडं पाहिलं. मग त्यानं खेताला उतरवलं, उंट माघारी वळवले आणि खाणीचं नाव पुन्हा काढलं नाही.

खेता वाचला. पण रोजच्यासारखं त्या संध्याकाळीही प्रत्येक घरात, खाण शोधायला गेलेल्या माणसाचं ताट वाढलं गेलं, आणि सकाळी ते तसंच शेळ्यांपुढं ठेवलं.