मेंढेवाडीची शाळा आणि महाराजांची पागा

मेंढेवाडीच्या शाळेला टाळं लागलं! का? तर म्हणे, शाळा चाळीस पोरांची आणि बसलीत फक्त अकरा! ऐन पौषात महाराजांचा कारकून वाडीवर आला, डोकी मोजली आणि तडक निघून गेला. भिंतीवरच्या खुंट्यांना एकोणतीस पाट्या टांगल्या होत्या, त्या काही त्या शहाण्याला दिसल्या नाहीत.

आता मेंढेवाडी म्हणजे मेंढपाळांची वाडी. दिवाळी सरली की निम्म्याहून जास्त घरं मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरायची, ती मृगाच्या आत परत. पोरं जाताना आपापली पाटी शाळेत खुंटीला अडकवून जायची. पाटी खुंटीला आहे म्हणजे पोर येणार, अशी तिथली रीत. पण ही रीत कारकुनाला सांगणार कोण? त्यानं विचारलंच नाही!

महाराज पडले हट्टी. "रिकामी शाळा पोसायची नाही! गोविंदशेठ चालवायला मागतायत, देऊन टाका त्यांना." गोविंदशेठ म्हणजे गडावरचे सावकार; त्यांची अट एकच होती, दर पोरामागं वर्षाला एक कोकरू. ऐका! ज्या घरात चार पोरं, त्या घरानं काय करायचं?

वाडीत बाणू नावाची बारा वर्षांची पोर होती. तिचा भाऊ बिरू मेंढरांमागं गेला होता. जाताना पाटी खुंटीला लावून म्हणाला होता, "बाणे, माझी जागा धर गं." टाळं लावायला आलेल्या शिपायानं सगळ्या पाट्या ओट्यावर फेकल्या, त्यात बिरूचीही होती. बाणूला आधी रडू आलं. मग असा राग आला म्हणता! तिनं पाट्या गोळा केल्या, उरलेली दहा पोरं बरोबर घेतली आणि गड गाठला. राजवाड्याच्या दारात फतकल मारून अकराही जणांनी पाढे सुरू केले. दुपारपर्यंत पोरं एकोणतिसाच्या पाढ्यावर आली आणि महाराजांचं डोकं उठलं.

"काय कालवा लावलाय हा?" महाराज बाहेर येऊन गरजले.

"शाळा आहे, महाराज. तिकडं टाळं लागलं, म्हणून इथं भरवली."

"ती शाळा रिकामी आहे!"

"रिकामी दिसते, महाराज. रिकामी नाही."

"जीभ फार चालते गं तुझी! बरं, मग हेच माझ्या तोंडून वदवून दाखव. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, असं मी स्वतः म्हणायला हवं. तीन दिवस दिले. नाही जमलं तर किल्ली शेठजींची!"

दरबारी खुसुखुसु हसले. महाराजांनी जन्मात कधी शब्द फिरवला नव्हता. त्यांच्या तोंडून कोण काय वदवणार, कपाळ!

बाणूनं मान डोलावली. "पण तोवर आम्ही बसायचं कुठं, महाराज?"

"गडावर जिथं रिकामी जागा दिसेल तिथं बसा! माझ्या दारात नको!"

"जशी आज्ञा!" म्हणाली बाणू, आणि गालातल्या गालात हसली.

दोन दिवस राजवाड्याच्या आसपास पोरांचा आवाज नाही. महाराज खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी रपेटीला जायचं म्हणून ते पागेकडं आले. किल्ली आज मिळणार म्हणून गोविंदशेठही मागं मागं आलेले. बघतात तर काय, पागेतून पाढे ऐकू येतायत! दोनशे घोड्यांची पागा, पण दसऱ्याला फौज मोहिमेवर गेलेली, मागं उरले होते चार घोडे. घोडे बांधायच्या बाकी ठाणांवर गवत अंथरून पोरं बसली होती. लगाम अडकवायच्या खुंट्यांना ओळीनं पाट्या टांगल्या होत्या. घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार घोड्याआड तोंड लपवून हसत होता.

"हा काय तमाशा?" महाराज ओरडले.

"आज्ञेप्रमाणं रिकामी जागा शोधली, महाराज. कारकूनकाकांसारखी डोकीपण मोजली. दोनशेंची पागा आणि घोडे चार! रिकामी पागा कशाला पोसायची?" बाणू वळली. "शेठजी, ही पण घेता का चालवायला?"

शेठजींचे डोळे लुकलुकले. "का नाही! महाराजांची मर्जी असेल तर आजपासून! महाराजांनी दर रपेटीमागं काहीतरी किरकोळ..."

"गप्प बसा, शेठ!" महाराज लालबुंद झाले. "माझ्याच घोड्यावर बसायचं आणि वर तुम्हाला द्यायचं? आणि रिकामी कोण म्हणतं हिला? माझे घोडे मोहिमेवर गेलेत! मृगाच्या आत परत येतील! इथली खुंटी न् खुंटी त्यांची आहे! पागा रिकामी दिसते, पण रिकामी ना..."

महाराज थांबले. बाणूनं एक पाटी काढून हातात धरली.

"ही बिरूची, महाराज. तोपण मृगाच्या आत येतोय."

महाराजांनी पाटीकडं पाहिलं, खुंट्यांकडं पाहिलं, आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मग ते असे हसले, असे हसले, की चारी घोडे खिंकाळले!

"वदवलंस गं, पोरी! शेठ, पागेची हौस आहे ना? ते खोरं घ्या आणि आज चारही घोड्यांची लीद काढा!"

किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं बाणूला दिली. मेंढेवाडीची शाळा कुणालाही चालवायला द्यायची नाही, असं फर्मान निघालं, आणि जोडीला आणखी एक पंतोजी मिळाले. पोरं नाचत निघाली, तेवढ्यात महाराजांनी हाक मारली.

"बाणू, तुमच्या शाळेत एक कोरी पाटी माझ्या नावाचीही टांग. सवड मिळाली की येईन म्हणतो."

"टांगते की, महाराज! पण मोजणीच्या दिवशी तेवढं हजर राहा!"