उद्याच्या तासाची नोंद

"वर्ग चांगलाच रंगला म्हणतोस... कुठला?"

मुजावर सरांनी संगणकावरून मान वर न करता विचारलं.

"सातवी ब, सर. अपूर्णांकांचा भागाकार," ऋतुराज बाबर ऐटीत म्हणाला.

"तो तास उद्या आहे."

...

बी.एड.च्या मुलांना प्रत्येक सराव पाठानंतर ब्लॉगवर चिंतन लिहावं लागतं. पाठ कसा झाला, कुठं चुकलं, काय उमगलं. बाबर यात वस्ताद. त्याच्या सोळा नोंदी दुसऱ्या कॉलेजातली मुलंही वाचायची. इतकं छान लिहिता येतंय तर पाठ होईपर्यंत थांबायचं कशाला, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

सरांनी पडद्यावरचं एक वाक्य वाचून दाखवलं. 'एका मुलीची शंका मी सोप्या उदाहरणाने दूर केली.'

"कुठली मुलगी?"

ब्लॉगमध्ये नापास झालं की वार्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि या पोराला शिक्षक होण्यावाचून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. त्यानं माफी मागितली. नोंद आत्ताच्या आत्ता पुसतो म्हणाला.

"राहू दे. घोडामैदान जवळच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉलेजच्या आवारातल्याच शाळेतून परतला, तो चेहरा पाडून. बराच वेळ जिन्यात बसला. आदल्या दिवशीची नोंद पुसली, नवी लिहिली आणि मोबाइल सरांच्या पुढ्यात ठेवला.

नोंद अशी होती.

'अर्ध्याला अर्ध्याने भागलं की उत्तर एक येतं, हे मी फळ्यावर करून दाखवलं. सानिका नावाच्या मुलीने विचारलं, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे, मग वाढलं कसं? मी नियम सांगितला. ती म्हणाली, नियम फळ्यावर हाय सर, पण वाढलं कसं? मला सांगता आलं नाही. घंटा झाली म्हणालो आणि बाहेर पडलो. घंटा झाली नव्हती.'

सरांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे लिहिताना कसं वाटलं?"

"लाज वाटली, सर. पण... आधीच्या सोळा लिहिताना असं काहीच वाटलं नव्हतं."

सर हसले. खुशीत आले होते, ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

बाबरला धीर आला. त्या सोळाही पुसू का, असं त्यानं विचारलं. सरांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

"मग या नोंदीला गुण मिळतील, सर?"

"तुझं घंटेचं ऐकून ती मुलगी काय म्हणाली?"

"मी थांबलोच नाही, सर."

...

सरांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. उठले, खोलीचं दार सताड उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

"शाळा सुटायला अजून वीस मिनिटं आहेत."