सेट होईपर्यंत हलवू नये

आधी माझंच सांगते, म्हणजे पुढं गेनूला हसताना संकोच नको.

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला मी पार्लरमध्ये जाऊन केस बांधून घेतले. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तिथल्या मुलीनं माझ्या डोक्यावर अर्धा डबा फवारा मारला आणि म्हणाली, "मावशी, सेट झालंय. आता अजिबात हलवू नका."

मी नाही हलवली. मान.

कार्यालयात मला खुर्ची मिळाली ती जेवणाच्या हॉलकडे तोंड करून. नवरानवरी डावीकडे. मंगलाष्टकं सुरू झाली तशा मी अक्षता समोर टाकल्या. समोर जिलबीचं ताट घेऊन वाढपी उभा होता. पहिल्या वेळी तो दचकला. नंतर प्रत्येक 'सावधान'ला जरा वाकायला लागला. फोटोत सगळे नवरानवरीकडे बघतायत, मी एकटी जिलबीकडे.

घरी आल्यावर मुलाची जुनी डिक्शनरी काढली, डोळ्यांसमोर उभी धरली आणि शोधलं. सेट. इंग्रजीत तीन अक्षरं, आणि अर्थ अडीच पानं. सगळे वाचले. मान कुठंच नव्हती.

अशा वेळी मला गेनूचा फार आधार वाटतो.

तर एक गाव होतं. गावात भोळे बरेच होते, पण गेनूइतकं मन लावून भोळं कुणी नव्हतं. गेनू बाबालाल मिस्त्रींच्या हाताखाली गवंडीकाम करायचा. वय एकतीस. हात चांगला, भिंत सरळ. पण सांगितलेलं शब्दाला शब्द धरायचा. एकदा मिस्त्री म्हणाले, "गेनू, जरा विटांवर नजर ठेव." दुपारी येऊन बघतात तर हा विटांसमोर उकिडवा बसलेला.

"जेवला का न्हाईस रं?"

"कसा जेवणार? नजर ठिवलीया."

गेनूचे आईवडील तो लहान असतानाच गेले. वाढवलं शेवंताआत्यानं. आत्याला एकच घोर, आपल्यामागं याच्याकडं बघणार कोण. आणि एकदाचं स्थळ आलं. पलीकडच्या गावच्या महिपतरावांची मुलगी, सुगंधा.

मंगळवारी बघायला गेले. सुगंधानं चहा आणला. विचारलं, "साखर बरोबर हाय नव्हं?" गेनूनं मान हलवली. खरं तर चहात साखरच नव्हती. सुगंधानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आत गेली, चमचाभर साखर आणून त्याच्या कपात घातली, आणि कुणाला काही बोलली नाही. एवढंच झालं. पण परत येताना जीपमध्ये गेनू म्हणाला, "आत्या, मला हीच पायजे."

एकतीस वर्षांत गेनूनं काही मागितलं नव्हतं. आत्यानं पदर डोळ्याला लावला.

अडचण एकच होती. निघताना महिपतराव म्हणाले होते, "पोरगी द्यायला ना न्हाई. पण पोरगा सेट पायजे. रविवारी घर बघाय येतो, तवा बघू."

"आत्या, सेट म्हंजी काय?"

आत्यालाही माहीत नव्हतं. पण तसं म्हणणार कशी?

"सेट म्हंजी सेट. रविवारपतूर हो म्हंजी झालं."

गेनूनं मान हलवली. मान त्याची फार छान हलायची.

बुधवारी तो कामावर गेला. बाबालाल मिस्त्री ओट्यावर सिमेंट ओढत होते. म्हणाले, "लांबनं जा. सेट होतंय."

गेनू जागच्या जागी थांबला. "मिस्त्री, सेट झाल्यावर काय करायचं?"

"पाच वर्षं झाली माझ्याकडं, आन् हे इचारतोस? पाणी मारायचं. वर भिजलं पोतं टाकायचं."

"न्हाई मारलं तर?"

"तडं जातात."

"आन् मारलं तर?"

"पिढ्यान्पिढ्या टिकतं."

गेनूनं मान हलवली. ध्यानात ठेवलं.

गुरुवारी तो दाढीला श्रीपतीच्या दुकानात गेला. खुर्चीत उपसरपंच रंगराव बसले होते. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायचा होता. श्रीपतीनं तासभर खपून केसांना जेल लावलं, कोंबडा काढला, मागं सरकून बघितलं आणि म्हणाला, "हां. झालं बघा सेट."

गेनू उठला. कोपऱ्यातली बादली उचलली. रंगरावांच्या डोक्यावर ओतली. मग दाराशी पडलेलं पोतं भिजवून वर टाकलं.

पोत्याच्या आतून रंगराव म्हणाले, "कोण हाय?"

"गेनू. आता तडं जायाचं न्हाईत."

फोटोग्राफरला दुसऱ्या गावाला जायचं होतं. तो थांबला नाही. त्या वर्षीच्या फ्लेक्सवर रंगराव पुरातून काढल्यासारखे दिसतात. खाली लिहिलंय, 'कणखर नेतृत्व'.

श्रीपतीनं गेनूला बाहेर नेलं. "अरं बाबा, सेट झालं की पाणी न्हाई मारायचं. वारंसुदिक लागू द्यायचं न्हाई. फडकं बांधायचं, झाकायचं, गप ठिवायचं. कळलं?"

गेनूनं मान हलवली.

शुक्रवारी तो लोहार गुरुजींच्या घरी फरशी बसवायला गेला. गुरुजी जेवून आडवे झाले. म्हणाले, "गेनू, अडीचची एसटी आहे मला. तालुक्याला मीटिंग. घड्याळ दोनला सेट केलंय, त्यामुळे काळजी नाही."

गुरुजींना डोळा लागला. गेनूनं घड्याळाला फडकं बांधलं. त्यावर गोधडी गुंडाळली. ट्रंकेत ठेवलं. ट्रंकेवर स्वतः बसला.

गुरुजी उठले तेव्हा चार वाजले होते.

"गेनू, घड्याळ वाजलं कसं नाही?"

"वाजलं की. बुडाखाली लई हाललं. पर वारं लागू दिलं न्हाई."

गुरुजी शिक्षक होते. त्यांनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले आणि समजावून सांगितलं, "हे बघ. सेट केलेलं वाजायलाच पाहिजे. वाजलं म्हणजे समजायचं, नीट सेट झालंय. मग त्याच्या डोक्यावर एक टपली द्यायची. गप्प होतं."

"डोक्यावर."

"डोक्यावर."

गेनूनं मान हलवली.

शनिवारी डेअरीच्या चेअरमनच्या स्वयंपाकघरात एक टाइल निघाली होती. चेअरमनची सून, मीनलवहिनी, फोनवर बघून पुडिंग करत होती. भांडं फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "गेनूभाऊ, मी दळण घेऊन येते. हे सेट व्हायला ठेवलंय. मांजर येतं, लक्ष असू द्या."

गेनूनं टाइल बाजूला ठेवली. फ्रिज उघडला. पुडिंगला कान लावला. वाजेना. अर्धा तास थांबला. वाजेना. भांडं जरा हलवून बघितलं तर पुडिंग सगळं थरथरलं. गेनूला वाटलं, आता वाजणार. वाजायच्या आधीच टपली दिली.

मीनलवहिनी आली तेव्हा पुडिंग गेनूच्या शर्टावर होतं. थोडं मांजराच्या पाठीवरही होतं.

"हे काय?"

"गप केलं. वाजणार हुतं."

मीनलवहिनीनं दळणाचा डबा खाली ठेवला. "गेनूभाऊ, सेट व्हायचं असलं की मारत नाहीत. गार करायचं, दार लावायचं आणि चार तास उघडायचं नाही. मध्येच उघडलं की मोडतं."

"मोडतं?"

"मोडतंच. आमचे मामंजी दर पाच मिनिटांनी उघडून बघतात. आजपर्यंत एक धड झालं नाही."

"कुणी उघड म्हणलं तर?"

"कुणीही म्हटलं तरी."

गेनूनं मान हलवली. घरी जाताना बोटावर मोजत गेला. पाणी आणि पोतं. फडकं. वाजलं की टपली. गार जागा, दार, चार तास. एवढं सगळं एका शब्दात, म्हणजे शब्द मोठाच असणार. महिपतराव उगाच नव्हते म्हणाले.

तोवर रंगराव, गुरुजी आणि चेअरमन, तिघांकडचं आत्याच्या कानावर आलं होतं. रविवारी सकाळी तिनं गेनूला धुतलेला सदरा घातला आणि समोर बसवलं.

"गेन्या, तुला ती पोरगी पायजे का न्हाई?"

"पायजे."

"मग पावणं गावाभाईर जाईपतूर तोंड उघडायचं न्हाई. काय इचारलं तर नुसती मान हलवायची. बाकीचं मी बघते."

गेनूनं लगेच सुरू केलं. मान हलवली.

अकरा वाजता महिपतराव आले. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ आणि सुगंधाचा मामा. घर बघितलं. दोन खोल्या, वर पत्रा, सगळं गेनूनं स्वतः बांधलेलं. एक खिडकी तेवढी लहान झाली होती, डोकं जाईल एवढीच. आत्यानं पोहे दिले. शिरा दिला.

"काम बरं चाललंय?"

गेनूनं मान हलवली.

"येसन न्हाई ना कसलं?"

गेनूनं मान हलवली. आत्या घाईनं म्हणाली, "न्हाई म्हणतोय त्यो."

"पोरगा शांत हाय," मामा म्हणाला.

"लई शांत," आत्या म्हणाली.

महिपतरावांनी पोह्याची ताटली खाली ठेवली. "आता एकच. पोरगा सेट हाय का?"

"सेट हाय की," आत्या म्हणाली. "घर हाय, काम हाय, हातात कसब हाय. आजून कसा आसतो सेट?"

महिपतरावांनी भावाकडं बघितलं. भावानं मामाकडं बघितलं. मामा शिरा खात होता, त्यानं चमचा वर केला. महिपतराव म्हणाले, "मग झालं तर. सोयरीक सेट."

आत्यानं देवाला हात जोडले. मामानं आणखी शिरा मागितला. तेवढ्यात गेनू उठला.

"कुठं चाललास?" आत्या म्हणाली.

गेनूला तोंड उघडायचं नव्हतं. त्यानं मान हलवली, बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

पुढचं काम त्यानं नीट केलं. कधी नव्हे ते काही विसरला नाही. आधी नळाला पाइप लावून पत्र्यावर पाणी सोडलं. मग मिस्त्रींकडून वीस पोती आणली, भिजवली, पत्र्यावर अंथरली. खिडकीवर ताडपत्री बांधली, वारं लागू नये म्हणून. आणि दाराला पाठ लावून बसला. बारा वाजले होते. चार तास म्हणजे चार.

आत अंधार झाला. पत्र्यावर पाण्याचा आवाज.

"पाऊस?" महिपतराव म्हणाले.

"चैत्रात?" भाऊ म्हणाला.

आत्यानं वर पत्र्याकडं बघितलं. तिला कळायला लागलं होतं.

अर्ध्या तासानं पत्र्याच्या खिळ्यांतून पाणी ठिबकायला लागलं, बरोबर शिऱ्यावर. मामानं पातेलं मांडीवर घेतलं. मग तिघांनी मिळून दार ठोकायला सुरुवात केली.

बाहेर गेनूनं कान दिला. वाजतंय. म्हणजे सोयरीक नीट सेट झाली होती. त्याला फार बरं वाटलं.

"गेनू, दार उघड रं बाळा," आत्या आतून म्हणाली.

गेनूनं बाहेरून मान हलवली.

वाजायचं थांबेना. गेनू टपली द्यायला उठला, पण डोकं सापडेना. दाराला डोकं नसतं. तो घराला एक फेरी मारून आला, आणि तेवढ्यात खिडकीची ताडपत्री हलली. महिपतरावांनी एक कोपरा सोडवला होता. त्यातून त्यांचं डोकं बाहेर आलं, फेट्यासकट.

"ह्यो काय परकार—"

गेनूनं टपली दिली. बेतानं दिली, सासरा होता. फेटा मात्र चिखलात पडला. महिपतराव गप्प झाले. गुरुजींचं खरं होतं.

तीन वाजता बाबालाल मिस्त्री पोती मागायला आले. त्यांनी पाइप बघितला, पत्र्यावरची पोती बघितली, खिडकीतलं डोकं बघितलं, आणि गेनू आडवा येईपर्यंत कडी काढली.

तिन्ही पाहुणे ओले बाहेर आले. मामाच्या हातात पातेलं होतं, ते त्यानं ओसरीवर ठेवलं. महिपतरावांनी चिखलातला फेटा उचलला, झटकला आणि आत्याला म्हणाले, "सोयरीक मोडली." जीपमध्ये बसले. जीप गेली.

आत्या पायरीवर बसली. गेनूचे डोळे भरले होते. पण तो जीपकडंच बघत उभा होता, ती गावाबाहेरच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यानं तोंड उघडलं.

"आत्या, मोडणारच. तिनातच उघडलं. आजून एक तास ऱ्हायला हुता."

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगितली. ते पेपर वाचत होते. टपलीपाशी मला इतकं हसू आलं की पुढचं सांगता येईना. त्यांनी पान उलटलं.

शेवटी मी म्हटलं, "मला विचाराल तर त्या सुगंधानं घरी हट्ट धरला असणार. सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द ऐकणारा नवरा. मिळतो कुठं हो असा?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"आता मान वळवलीस तरी चालेल," ते म्हणाले. "लग्न होऊन तीन दिवस झाले."