झाकलेला स्पीकर

कृष्णाकाठच्या एका गावात हळदीची मोठी पेठ होती आणि त्या पेठेत तवनाप्पा मगदूम नावाचे एक गृहस्थ होते. हळदीच्या सौद्यात बोली पुकारायचं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. आवाज असा खणखणीत, की ते या टोकाला पुकारायला लागले की त्या टोकाचा हमाल पोतं खाली ठेवून ऐकत उभा राहायचा. ज्याचा आवाज मोठा त्याचंच लोक ऐकतात, हे तवनाप्पा पेठेत पक्कं शिकले. घरी आल्यावरही ते विसरायचे नाहीत, एवढीच काय ती अडचण.

पेठेनं त्यांना आणखी एक सवय लावली होती. हळदीची धूळ कशी असते ते त्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. ती अंगाला बसते, कपड्याला बसते, घड्याळात शिरते, चहात पडते. म्हणून तवनाप्पा दिसेल ते झाकायचे. रिमोटला प्लास्टिक, घड्याळाला पिशवी, पंख्यालासुद्धा हिवाळ्यात धोतराचं फडकं. शेजारचे कल्लाप्पा म्हणायचे, "अप्पांच्या घरी फार वेळ एका जागी बसू नये. झाकून टाकतील."

त्यांच्या बायकोचं नाव राजमती. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. काकूंचा आवाज नवऱ्याच्या आवाजाच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्या बोलायच्या कमी आणि बोलायच्या तेही हळू. निम्मं बोलणं तवनाप्पांच्या आवाजाखाली जायचं, उरलेलं निम्मं त्या स्वतःच गिळायच्या. पण माणूस मोठं गोड. आणि तवनाप्पांचा बायकोवर जीव होता, हेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

काकूंची एक जुनी हौस राहून गेली होती. लहान असताना त्यांनी यात्रेत, तंबूत एक पिक्चर पाहिला होता. बहीण-भावाचा. शेवटी बहीण दारात उभी राहून भावाला काहीतरी म्हणते आणि दगडासारखा तो भाऊ रडायला लागतो. पण शेवटची एसटी चुकेल म्हणून वडिलांनी नेमकं तेव्हाच सगळ्यांना उठवलं. तंबूबाहेर पडताना काकूंनी वळून पाहिलं तेव्हा भाऊ रडताना दिसला, पण गर्दीच्या कालव्यात बहीण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

लग्न झाल्यावर नव्या नवरीनं ही गोष्ट नवऱ्याला सांगितली होती. तवनाप्पा म्हणाले होते, "एवढंच ना? मी दाखवतो की तुला शेवटपर्यंत!"

मग सौदे आले, मुलीचं शिक्षण आलं, तिचं लग्न आलं. पस्तीस वर्षं गेली. काकूंनी पुन्हा आठवण काढली नाही. तवनाप्पा मात्र विसरले नव्हते. पेठेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरात होम थिएटर आणलं. मोठा टीव्ही, पाच स्पीकर, वर घुमणाऱ्या आवाजाचा एक बेसचा डबा. आणि जावयाच्या मागे लागून तो जुना पिक्चर कुठूनतरी पेनड्राइव्हवर मिळवला.

दुकानातला माणूस स्पीकर मांडून गेला. जाताना सांगून गेला, की टीव्हीखाली मध्ये ठेवायचा हा आडवा स्पीकर बोलण्याचा, त्याला जपा. तवनाप्पांनी तो फारच जपला. त्याचं प्लास्टिक तसंच राहू दिलं, टीव्हीखालच्या कपाटात अगदी तळाच्या कप्प्यात मागं सरकवून ठेवला, वरून भरतकामाचा जाड रुमाल सोडला आणि कपाटाची काच लावून घेतली.

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, त्याचं तोंडच झाकलंय की. रुमाल तरी काढू या का?"

"तुला त्यातलं काय कळतंय? हळद बसती," तवनाप्पा म्हणाले. विषय संपला.

मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. त्यामुळं दिवेलागणीला दोघंही मोकळी होती. तवनाप्पा आपल्या मोठ्या खुर्चीत बसले. पिक्चर सुरू झाला. गाणी अशी वाजली, की कल्लाप्पा "कुणाचं लग्न हाय?" म्हणून डोकावून गेले. माणसं बोलायला लागली की मात्र नुसतं गुंगूं गुंगूं ऐकू यायचं. काकू विचारायच्या, "काय म्हणाली ओ?" तवनाप्पा आवाज वाढवायचे. बोलणं तेवढंच पुसट राहायचं आणि मागची वाजंत्री अंगावर यायची.

असं करत करत शेवट आला. बहीण दारात उभी राहिली. काकू हातातल्या शेंगा सोलायच्या थांबल्या. बहिणीचे ओठ हलले, सनया रडायला लागल्या, बेसचा डबा घुमला, फडताळातली पातेली थरथरली. भाऊ रडायला लागला.

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

तवनाप्पांनाही कळलं नव्हतं. त्यांनी पिक्चर मागं नेला आणि आवाज वाढवला. पुन्हा तेच. रिमोटवर कुठंतरी 'स्टेडियम' असं काहीतरी दिसलं, ते मोठं असणार म्हणून त्यांनी तेही दाबलं. आता बहीण विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू यायला लागली. तिसऱ्या वेळी भिंतीवरचं घड्याळ पिशवीसकट खाली पडलं.

काकू उठल्या. "राहू द्या," म्हणाल्या. "तुमी बघा. मला आत काम हाय."

आत काही काम नव्हतं, हे तवनाप्पांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा पिक्चर लावला. काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. रागावल्या होत्या असं नाही. चहा आणून द्यायच्या, हसायच्या आणि परत आत जायच्या. तवनाप्पांनी बेसचा आणखी मोठा डबा आणून कोपऱ्यात बसवला. त्यानं पातेली खाली पडायला लागली, पण काकू काही बाहेर आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाच्या खोलीत तवनाप्पांना एकटं एकटं वाटायला लागलं. जिच्यासाठी सगळं आणलं तीच आत बसली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी त्यांना चहासुद्धा गोड लागला नाही.

शेवटी ते एसटी स्टँडजवळच्या दस्तगीरभाईंकडे गेले. दस्तगीरभाई म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे. तेही म्हातारे आणि त्यांनी दुरुस्त केलेले रेडिओही म्हातारे. बोलायचे अगदी हळू, त्यामुळं त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप पुढं वाकायचा.

"भाई, माझा होम थिएटर मुका झालाय," तवनाप्पा म्हणाले. "लई वाजतो, पण बोलत न्हाई."

दस्तगीरभाई संध्याकाळी आले. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. पहिला प्रश्न विचारला, "ऐकू कुणाला येत न्हाई?"

"हिला. हिला ऐकू यावं म्हणून तर केलाय सगळा खटाटोप."

"मग वहिनी बसत्यात कुठं?"

तवनाप्पांनी आपल्या शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं. त्या खुर्चीवर घडी न मोडलेलं प्लास्टिकचं कव्हर होतं. कुणी कधी बसलेलंच दिसत नव्हतं. दस्तगीरभाईंनी कव्हराकडं पाहिलं, मग तवनाप्पांकडं पाहिलं. पिक्चरच्या दिवशी बायको कुठं बसली होती, हे त्यांना आठवेना. चार दिवस डोकं लढवलं, आवाज वाढवला, डबा बदलला, पण एकदा मान वळवून तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मी हितं बसती, भाई. उंबऱ्याजवळ, पाटावर. पिक्चर संपेपर्यंत शेंगा सोलत."

"अप्पा, बसा तिथं," दस्तगीरभाई म्हणाले.

गुडघे कुरकुरले, तरी तवनाप्पा पाटावर बसले. भाईंनी पिक्चर लावला. तवनाप्पांना खुर्चीतून जेवढं ऐकू यायचं तेवढंही इथून ऐकू येईना. डाव्या कानाशी बाजूचा स्पीकर केकाटत होता, कोपऱ्यातला डबा पाठीत गुद्दे घालत होता आणि बोलणारी माणसं कपाटाच्या काचेआड कुजबुजत होती. ते दोन मिनिटांत उठायला लागले.

"बसा की," भाई म्हणाले. "वहिनी पिक्चर संपेपर्यंत बसल्या होत्या."

तवनाप्पा पुन्हा खाली बसले.

मग दस्तगीरभाई कामाला लागले. त्यांनी कपाटाची काच उघडली. जाड रुमाल उचलला. त्याखालचं प्लास्टिक सोडवलं. स्पीकर मागून ओढून वरच्या कप्प्यात आणला, अगदी कडेला, म्हणजे कप्प्याची फळी त्याच्या तोंडापुढं येणार नाही. रबराचे दोन तुकडे पुढच्या बाजूला खाली सारले आणि त्याचं तोंड उंबऱ्याच्या रोखानं थोडं वर केलं. बेसचा डबा कोपऱ्यातून बाहेर काढला आणि त्याचा आवाज निम्म्यावर आणला. बाजूच्या स्पीकरांना थोडं दाबलं, मधल्याला थोडं चढवलं. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरायला लावली. रिमोट हातात घेतल्यावर मात्र ते थांबले.

"हे स्टेडियम कुणी लावलं?"

"मीच," तवनाप्पा म्हणाले.

"ती बिचारी घराच्या दारात उभी राहून बोलतीय. तिला मैदानात कशाला नेली, अप्पा?"

काकू पदराआड हसल्या. भाईंनी ते बंद केलं आणि एकूण आवाज होता त्याच्या निम्म्याहून खाली आणला.

"एवढा कमी?" तवनाप्पांना राहवेना. "मग ऐकू कसं येणार?"

"बाजूचे वाजंत्री, अप्पा. बोलणारा हा एकटाच मधला. तुमी चार दिवस वाजंत्र्यांचा आवाज वाढवला आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर फडकं टाकलं."

फडकं म्हटल्यावर तवनाप्पांची नजर त्या भरतकामाच्या रुमालावर गेली. तो सतरंजीवर पडला होता. पहिल्या दिवशीचं काकूंचं वाक्य त्यांना आठवलं. अगदी शब्दन् शब्द. म्हणजे ते त्यांना ऐकू आलं होतं. ऐकू येऊनही त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

आता पंचाईत होती. काकूंनी तो रुमाल काढायला सांगितला होता, हे दस्तगीरभाईंना माहीत नव्हतं. गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं, आणि काकू तर मुळीच बोलल्या नसत्या. पेठेत पस्तीस वर्षं ज्यांचा शब्द खाली पडला नाही, त्या माणसाला एका परक्यासमोर आपली चूक कबूल करायची होती. तवनाप्पांनी रुमाल उचलला, त्याची घडी केली, पुन्हा मोडली.

"भाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्याच ओळखीचा राहिला नाही, "हे हिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रुमाल काढू या म्हणून. मीच म्हटलं, तुला काय कळतंय."

काकूंचे डोळे भरून आले. रुमालासाठी नव्हे. त्यांचं बोलणं नवऱ्यानं दुसऱ्याला सांगितलं, असं त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडलं होतं.

दस्तगीरभाई चहा घेऊन निघाले. काकूंनी त्यांच्या पिशवीत सोललेल्या शेंगांची पुडी घातली. तवनाप्पांनी शेजारच्या खुर्चीचं कव्हर ओढून काढलं आणि म्हणाले, "हितं बसतीस का?"

"मला पाटच बरा," काकू म्हणाल्या.

मग तवनाप्पांनी मोठी खुर्ची सोडली आणि स्वयंपाकघरातून दुसरा पाट आणला. दोघं उंबऱ्याजवळ शेजारी शेजारी बसली. तवनाप्पांनी शेंगांचं सूप मध्ये ओढून घेतलं. पिक्चर पहिल्यापासून लावला. आवाज एवढा बेताचा होता, की कल्लाप्पा आज चालू आहे की नाही ते पाहायला डोकावून गेले. पण घरातल्या माणसांनी घरात बोलावं तसा एकेक शब्द स्वच्छ येत होता. विनोदी नोकर बोलला तेव्हा काकू तवनाप्पांच्या आधी हसल्या.

शेवट आला. बहीण दारात उभी राहिली. सनया वाजल्या, पण मागं, दूर. बहीण म्हणाली, "दादा, तू मला काही कमी पडू दिलं नाहीस. फक्त माझं कधी ऐकून घेतलं नाहीस."

भाऊ रडायला लागला. आणि पाटावर बसलेल्या तवनाप्पांनी शेंग सोलायची सोडून नाक पुसलं.

काकू पडद्याकडं पाहत राहिल्या. लहानपणी तंबूच्या दारात राहून गेलेलं वाक्य आज त्यांच्या घरी आलं होतं.

पिक्चर संपला. तवनाप्पांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. तरी ते काकूंकडं वाकले, आणि दस्तगीरभाईंशी बोलताना वाकायचे तसे वाकून, हळू आवाजात म्हणाले, "काय म्हणाली गं ती?"

काकू सांगायला लागल्या. आणि तवनाप्पा शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न बोलता, ऐकत बसले.

तात्पर्य: आपल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज वाढवू नये, त्याच्या तोंडावरचं झाकण काढावं, आपला आवाज कमी करावा आणि एकदा त्याच्या जागेवर जाऊन बसावं.