खाली न टेकलेली वीणा

अंतोबा महाराज निंबसरला आले की पत्रावळी लावणाऱ्या सत्यभामेच्या घरी उतरत. त्या वर्षी दारात पाऊल टाकता टाकता ते थांबले, खाली वाकले आणि उंबरठ्यावरून त्यांनी बोट फिरवले. दोन्ही कडांना लाकूड जाड होते. मधोमध मात्र ते झिजून उथळ वाटीसारखे झाले होते.

“माय, हे एका माणसाच्या चालण्याने झालेलं नाही,” महाराज म्हणाले.

सत्यभामेचे डोळे भरून आले. सासूसासरे याच घरात गेले, धनीही याच घरात गेला. घर भाड्याचे, पण भाडे कधी चुकले नव्हते. आता मालक तुळशीरामशेटना तिथे कापूस भरायचा होता. गावातली जाणती माणसे रदबदलीला गेली, तर शेट हो म्हणेनात की नाही म्हणेनात. सुपारी कातरत नुसते “बघू” म्हणायचे. त्या एका शब्दापायी बाईला पावसाळाभर धड झोप नव्हती.

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, “यंदाचा सप्ताह देवळात नको. इथेच बसवू.”

सप्ताह बसला. सप्ताहात वीणा अखंड वाजती राहते, जमिनीला टेकू द्यायची नसते. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने ती गळ्यात घ्यायची आणि देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचे. आळीने पाळ्या वाटून घेतल्या.

शेट बघायला आले आणि दारातूनच हसले. “काय महाराज, पत्रावळ्यांच्या ढिगात देव बसवलात? पळसाची पानं टोचतील की त्याला!”

“जेवताना तुम्हाला टोचतात का, शेटजी?” महाराजांनी विचारले.

सगळे हसले. शेट मात्र हसले नाहीत. आळीतली बहुतेक घरे त्यांचीच होती. संध्याकाळी दारोदार निरोप गेला, ‘जो त्या घरात वीणा धरील, त्याने आपलंही सामान बांधावं.’

दुसऱ्या दिवशी महाराज माधुकरीला बाहेर पडले. वीणा सत्यभामेच्या गळ्यात होती. तिची पाळी संपली, तरी पुढची पाळी असलेली शेजारची शेवंता आली नाही. शेवंतेनंतरचा धोंडू शिंपीही आला नाही. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढले. आला तो शेटचा आवाज. सोबत दोन हमाल आणि बैलगाडी.

“मी काही अधर्मी नाही, सत्यभामे. चालता सप्ताह मोडणार नाही. पण वीणा टेकली, की सामान बाहेर!” असे म्हणून शेट दारातच बसले.

तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. बोट तारेवरून फिरत होते, पण ते आपले आहे असे तिला वाटेना. ती मनात म्हणाली, ‘देवा, घर गेलं तर जाऊ दे. पण माझ्या हातून तुझी वीणा खाली टेकू देऊ नकोस.’

तिचा तोल गेला. त्याच क्षणी कोणीतरी मागून कोपराला आधार दिला, आजाऱ्याला उठवताना देतात तसा, अगदी हलका. पुढचे तिला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हात मोकळे होते. आणि वीणा? वीणा जागच्या जागी, अधांतरी उभी होती! पट्टा कुणाच्या गळ्यात असावा तसा ताणलेला होता आणि तार वाजत होती. हमालांनी हात जोडले.

एवढ्यात आळीत पावले वाजली. पुढे शेवंता होती, डोक्यावर बोचके. “सत्यभामे, पाळी माझी होती गं! भिऊन कडी लावून बसले. पण वीणा काही थांबेना. एकटी बाई अजून उभी आहे, या विचाराने घरात बसवेना.”

मागे धोंडू शिंपी, त्याच्यामागे सारी आळी, प्रत्येकाच्या डोक्यावर नाहीतर काखेत बोचके. धोंडू म्हणाला, “शेट, सामान बांधूनच आणलंय. काढायचं तर सगळ्यांना एकदम काढा. पण आधी आमच्या पाळ्या होऊ द्या.”

महाराज झोळी घेऊन परतले. वीणेकडे पाहताच त्यांनी हात जोडले. मग हळू आवाजात म्हणाले, “शेटजी, किती वेळचा उभा आहे तो! त्याची पाळी घेता?”

शेट उठले. त्यांनी पट्टा गळ्यात घेतला आणि त्या क्षणी वीणेचा भार त्यांच्या खांद्यावर आला. आता रीतीप्रमाणे देणाऱ्याच्या पाया पडायचे. देणारा तर दिसत नव्हता, पण तो उभा होता सत्यभामेच्या जागी! वीणा सांभाळत शेट गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

“अहो शेट, हे काय!” तिने पाय आखडून घेतले आणि तीही रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडली.

“महाराज, मी चुकलो,” शेट म्हणाले.

“ते माझ्यापाशी नको. पावसाळाभर हिला जे सांगायचं राहिलंय, ते सांगा.”

शेटनी दारातल्या गर्दीकडे पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, “बाई, हे घर सोडायचं नाही. तुमचा हात चालतोय तोवर इथेच पत्रावळी लावा, आणि नंतरही इथेच राहा. आळीतल्या कुणालाच मी उठवणार नाही. सोडा रे, बोचकी सोडा.”